स्विचवर 'इन्टू द ब्रीच': छोटा पट, डोक्याला भरपूर खाद्य

निन्टेंडो स्विच या गेमिंग कन्सोलवर टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायचं, काही खेळायचं असेल तर सबसेट गेम्सचा 'इन्टू द ब्रीच' (२०१८) डोळे झाकून घ्या. पट ८ बाय ८ चा, आपले मेक (माणसं चालवतात ते अजस्र यंत्रमानव) तीनच. शत्रू कुठे वार करणार ते आधीच दिसतं, त्यामुळे हरलो तरी नशिबाला बोल लावावासा वाटत नाही. परवा इमारतीला भिडलेल्या स्कॉर्पियन नावाच्या व्हेकला (शत्रूच्या महाकाय किड्याला) बाजूने ठोसा देऊन एक घर सरकवलं. त्याची नांगी थेट शेजारच्या व्हेकवर बसली. काय समाधान मिळतं म्हणून सांगू! लढाई चार-पाच टर्नची, लोकलच्या प्रवासात आरामात आटोपते. कथा जेमतेमच. पण २०२२ च्या मोफत अपडेटमधली नवी पथकं नक्की वापरून बघा, प्रत्येकासाठी डावपेच नव्याने शिकावे लागतात.