वर ‘३१६’ कोरलेलं, आत जे-फोर: बॅकस्टे अ‍ॅडजस्टर घेताना झालेली फसवणूक

शिडाच्या होडीचं सामान नाशिकला बसून मागवणारे आपण मूठभरच. फसवणारा त्यामुळेच निर्धास्त असतो. शेजारी ठेवून ताडून बघायला दुसरा नग कुणाकडे नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आमचे ३८,००० रुपये असे गेले.

आम्ही चार मित्रांनी मिळून घेतलेली चोवीस फुटी होडी मुंबई बंदरात असते. मेअखेर ती पावसाळ्यासाठी वर काढली, तेव्हा बॅकस्टेचा अ‍ॅडजस्टर बदलायचं ठरलं. बॅकस्टे म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यापासून होडीच्या मागच्या टोकापर्यंत येणारी तार. वारा वाढला की ती अ‍ॅडजस्टरने ताणायची. डोलकाठी थोडी वाकते, मेनसेल म्हणजे मोठं शीड सपाट होतं, पुढची तार ताठ होऊन जिबचं, म्हणजे पुढच्या शिडाचं, पोटही कमी होतं. वारा मागून असताना ही तार सुटली, तर डोलकाठी पुढे कोसळते. शोभेची वस्तू नव्हे ही.

पुली-दोराचा, चाकाच्या स्क्रूचा आणि हायड्रॉलिक असे याचे मुख्य प्रकार. आमच्या मापाच्या होडीला हायड्रॉलिक उगाच. सील गेलं की दुरुस्तीला कुणाच्या दारात जायचं? म्हणून चाकाचा घ्यायचं ठरलं. मुंबईचा म्हणवणाऱ्या एका विक्रेत्याने व्हिडिओ कॉलवर नग दाखवला, फिरवूनही दाखवला. स्पिंडल, म्हणजे स्क्रूचा दांडा, स्टेनलेसचा, नट ब्राँझचा. हे महत्त्वाचं, कारण स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे ताणाखाली फिरवले की एकमेकांना धरतात आणि मग पान्यानेही सुटत नाहीत. सोबत ३१६चा, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेसच्या ग्रेडचा टीसी, म्हणजे मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. बिल आलं, पैसे गेले.

कुरिअरने आलेला नग आरशासारखा चकचकीत होता आणि त्यावर लेझरने ‘३१६’ कोरलेलं होतं. पण पिन ८ मिमीची निघाली. आम्ही मागितली होती ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिमी. फरक केसाएवढा, तरी भोकात जाईना. फोन केला तर म्हणे, “सर, थोडं रीमर मारा ना, सगळे तसंच करतात.” डोलकाठीचा भार पेलणाऱ्या पट्टीचं भोक मोठं करा, असा सल्ला देणारा माणूस होडीवर कधी चढला असेल असं मला वाटत नाही.

मग सातपूरला मित्राच्या वर्कशॉपमध्ये नग उघडला. ब्राँझचा नट नव्हताच, नटही स्टेनलेसचा. व्हाइसमध्ये धरून ताण दिला, तर काही फेऱ्यांत आटे धरले. मित्राने टीसी वाचला आणि हसलाच. “अरे, हा शीटचा टीसी आहे. तुझा स्पिंडल बारमधून टर्न केलाय.” म्हणजे कागद पत्र्याचा, नग सळईतून कातलेला. टीसीवरचा हीट नंबर, म्हणजे धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा क्रमांक, नगावर कुठेही नव्हता. अंबडच्या लॅबमध्ये पीएमआय गन, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र, लावली: मॉलिब्डेनम जवळजवळ शून्य, निकेल दीड टक्क्याच्या आत, मँगनीज नऊच्या पुढे. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम आणि किमान १० टक्के निकेल लागतं. आमच्या हातात होता तो बाजारातला जे-फोर, म्हणजे दोनशे सिरीजचं स्वस्त स्टेनलेस. रेलिंगला चालतो, खाऱ्या पाण्यात गंजतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विक्रेत्याने कॉलवर लोहचुंबक लावून दाखवला होता, ‘बघा, चिकटत नाही’. हे प्रात्यक्षिक बघून बरेच जण गार होतात. पण ३०४ असो, ३१६ असो की दोनशे सिरीज, थंड अवस्थेत फारसं ठोकलं-ओढलं नसेल तर चुंबक यातल्या कशालाच नीट धरत नाही. ग्रेड त्यावरून कळत नाही. ‘२ टन’ असा शिक्काही नगावर होता; हा तुटण्याचा भार की रोज वापरायचा, ते विचारल्यावर पलीकडे शांतता. या दोन आकड्यांत काही पटींचा फरक असतो.

आता मी ऑर्डरमध्येच लिहून घेतो: ग्रेड, नटाचा धातू, पिनचं माप, नगावर हीट नंबर आणि पीएमआयत नापास झाल्यास पूर्ण परतावा. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नावही बघतो. आमच्या बिलावरचा क्रमांक २४ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा २७ असतो.

विक्रेता सध्या म्हणतो, आधी नग परत पाठवा, मग पैसे बघू. नग पाठवलेला नाही, तोच पुरावा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण त्याने दाद दिली नाही. म्हणून आता नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. कॉलचे स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचे फोटो आणि लॅबचा रिपोर्ट जोडलाय. होडीला तूर्त पुली-दोराचा अ‍ॅडजस्टर लावणार आहोत. त्याचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे पुली, मुंबईच्या दुकानात जाऊन, हातात घेऊन निवडलाय.