वरून कागद, आतून चंदेरी प्लास्टिक: माझे २,२४,२०० रुपये

पतसंस्थेत मी २२ वर्षं लोकांचे कागद तपासले. जामीनदाराच्या सहीत एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी फाईल परत पाठवायचे. म्हणूनच चहाच्या पाकिटांत मी कशी फसले, हे लिहायला इतके दिवस लागले. घरात आजवर आकडा अर्धाच सांगितलाय, खरा इथे पहिल्यांदा लिहितेय.

नोकरी सोडल्यावर साताऱ्यात घरातूनच चहा विकायला लागले. आसामचा सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, त्यातली बीपी (जाड दाणा) आणि पीएफ (बारीक दाणा) मिसळून, आपल्याकडे लागतो तसा कडक. ओळखी-ओळखीत महिन्याला ३०-४० किलो जायचा. साधं पाकीट, वर घरच्या प्रिंटरवर काढलेलं लेबल. गिऱ्हाईकंच म्हणायला लागली, "ताई, दिवाळीला द्यायला जरा बरं पाकीट करा की." तिथून हे सुरू झालं.

पुण्याचा एक ब्रँडिंगवाला नात्यातल्याच कुणीतरी सुचवला. नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, तेव्हा 'साहेब' म्हणते. लोगो, पाकिटाचं डिझाइन आणि पाकिटंसुद्धा तेच करून देणार. पाकीट म्हणे पूर्ण कंपोस्टेबल, कुंडीत पुरलं की माती.

हिशेब असा होता. डिझाइनचे ४५,०००. छपाईचे पाच रंग, म्हणून पाच सिलिंडर (डिझाइन कोरलेले छपाईचे रूळ), प्रत्येकी ६,००० प्रमाणे ३०,०००. पाव किलोची १०,००० पाकिटं, ११.५० रुपये नग, म्हणजे १,१५,०००. एकूण १,९०,०००, त्यावर १८% जीएसटी ३४,२००. अर्धे आधी, अर्धे माल निघण्यापूर्वी. स्वस्ताच्या मोहाला भुलले असं कुणी म्हणू नका. साधं छापील पाकीट निम्म्या पैशांत मिळत होतं. मी चांगल्या वस्तूचे जास्त पैसे मोजत होते, हेच डोक्यात होतं.

९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी. साहेबांच्या ऑफिसात मी प्रमाणपत्र मागितलं. मागितलं बरं का! कंपोस्टेबल प्लास्टिक बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाच्या चाचणीवर मिळणारं, एवढं मी वाचून गेले होते. त्यांनी झेरॉक्स पुढे सरकवली. त्यावर कंपनी दुसरीच, गुजरातची. आणि खाली, वस्तूच्या रकान्यात, 'कॅरी बॅग'. मी बोट ठेवून विचारलं, "हे तर पिशव्यांचं आहे, आणि नावही तुमचं नाही." साहेब हसले. "मॅडम, ती आमचीच सिस्टर कन्सर्न. मटेरियल एकच असतं हो. चहा घ्या, गार होतोय." मी चहा घेतला. वर त्या झेरॉक्सचा मोबाइलवर फोटोही काढला, जणू फोटो काढला म्हणजे तपासलं! तो फोटो अजून आहे. त्यात कोपऱ्यात माझंच बोट दिसतं, बरोबर 'कॅरी बॅग' या शब्दाखाली. संध्याकाळी घरी येऊन १,१२,१०० रुपये एनईएफटी केले.

पतसंस्थेत असा कागद कुणी आणला असता तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

बाकीचे १,१२,१०० भरण्याआधी छापलेलं एक तरी पाकीट कुरिअरने पाठवा म्हटलं, तर "दिवाळीची गर्दी आहे, ट्रान्सपोर्टवाला थांबत नाही". ऑफिसात दाखवलेला नमुना कोरा होता, छपाई नसलेला. तो बहुधा खराच कंपोस्टेबल असावा. दाखवायचा एक, द्यायचा एक.

१८ ऑक्टोबरला माल आला. दिसायला सुरेख, हे कबूल करते. २५६ पाकिटं भरली, ६४ किलो चहा. आठ दिवसांत एका शिक्षिकाबाईंचा फोन आला, "ताई, चहाला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय." चहा आजूबाजूचा वास आणि ओल पटकन ओढतो. शाई नीट वाळायच्या आत पाकिटं गुंडाळली की थिनरचा वास आतच राहतो. त्या रात्री एक पाकीट कोमट पाण्यात टाकून ठेवलं. सकाळी तपकिरी कागदाचा लगदा नखाने खरवडला तर खाली चंदेरी फिल्म, आख्खी, लखलखीत. तिची कड काडीने पेटवली तर मेणबत्तीसारखी टपटप गळायला लागली आणि वासही मेणबत्तीचाच. हा प्रयोग दहा रुपयांच्या नमुन्यावर आधी करा, मी लाखांच्या मालावर नंतर केला.

चहा परत घेतला, सगळ्यांचे पैसे दिले. ३८० रुपये किलोच्या खरेदीने २४,३२० तिथे गेले. लोगोचं तर विचारूच नका. त्याच लोगोवर मी ट्रेडमार्कचा अर्ज केला होता, फी ४,५००. डिसेंबरमध्ये बचत गटांच्या प्रदर्शनात मधाच्या बाटलीवर तेच पान, तोच कप, फक्त हिरव्याच्या जागी पिवळा. ४५,००० चं 'खास तुमच्यासाठी' डिझाइन तयार साच्यातलं निघालं. गूगलवर चित्र टाकून शोधायला दोन मिनिटं लागतात. मला सुचलं नाही.

आता सरकारी वारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळालाय ना? मग हा सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, ठरलेला माल मिळालेला नाही, खोटा कागद दाखवलाय, न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम काय शोभेला आहे? तर म्हणे व्यवहार पुण्यात झाला, पुण्यात जा. पुण्यात म्हणे पैसे साताऱ्यातून गेले, साताऱ्यात जा. शेवटी अर्ज आवकला घेतला, शिक्का मारला, विषय संपला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" एकाने लघुउद्योगांचं समाधान पोर्टल सुचवलं. ते तर ज्यांची बिलं थकलीत त्या विक्रेत्यांसाठी होतं, माझ्यासारख्या घेणाऱ्यांसाठी नव्हतं, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाले, "यावर कंपोस्टेबल छापलंय. नाव तुमचं आहे. नोटीस निघाली तर तुम्हाला निघेल." म्हणजे चोरी माझ्या घरात आणि हातकडी मला! वाईट याचं की ते खोटं बोलत नव्हते. पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर त्याच ऑक्टोबरात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि दावा करणारी मीच. त्या दिवसापासून एकही पाकीट बाहेर दिलेलं नाही. ९,७४४ पाकिटं माळ्यावर आहेत. सासूबाई त्यात कुरडया भरतात. म्हणतात, "ओल अजिबात शिरत नाही गं."

आणि ते ३४,२००! नोव्हेंबरच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदीची बिलं दाखवणारं जीएसटीचं विवरण, उघडलं, साहेबांचं बिल त्यात नाहीच. त्यांनी रिटर्नमध्ये दाखवलंच नव्हतं, त्यामुळे मला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. जीएसटी कार्यालयाचं उत्तर, "सप्लायरशी बोला." सप्लायर फोन उचलत असता तर तुमच्या पायऱ्या कशाला झिजवल्या असत्या?

मंडळाकडून प्रमाणपत्र मिळालेल्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. विकणाऱ्याचं नाव आणि वस्तू, दोन्ही जुळवा. 'सिस्टर कन्सर्न' ऐकलं की उठा. खरं कंपोस्टेबलसुद्धा बहुतेक वेळा ५८ अंशांच्या मोठ्या कंपोस्ट यंत्रणेत तपासलेलं असतं. 'कुंडीत पुरा' म्हणणाऱ्याकडून घरगुती कंपोस्टची वेगळी चाचणी मागा. सिलिंडर कुणाच्या मालकीचे हे बिलावर लिहून घ्या. मी माझे मागायला गेले तेव्हा साहेबांच्या ऑफिसच्या गाळ्यात कुणी मोबाइलची कव्हरं विकत होते. आणि छापलेला पहिला नग हातात येऊन तो रात्रभर पाण्यात राहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका, दिवाळी गेली उडत.

ग्राहक आयोगात अर्ज केलाय. समोरून 'व्यापारी खरेदी' म्हणतील, हे वकिलांनी आधीच सांगितलं. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, त्यावर आम्ही उभे आहोत. तुम्हाला कुणी गुजरातच्या कंपनीच्या नावाचं, 'कॅरी बॅग' लिहिलेलं प्रमाणपत्र चहाच्या, मसाल्याच्या किंवा कशाच्याही पाकिटासाठी दाखवलं असेल, तर नंबर पाठवा. माझ्या बोटाच्या फोटोशी ताडून सांगते.