रेडिएटरचा पंखा लागत नाही : टेस्ट लॅम्प घ्यावा की स्कॅनर?

सिग्नलला गाडी थांबली की तापमानाचा काटा चढतो, हायवेला लागली की उतरतो. असं झालं की पंख्यावर संशय घ्यायला हरकत नाही. पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण आहे?

बिघाड शोधायला शे-दोनशे रुपयांचा टेस्ट लॅम्प पुरेल, की मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्यावा? दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. वीज कुठपर्यंत पोचली हे लॅम्प सांगतो, तर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, काय वाटतंय हे स्कॅनर सांगतो.

खरेदीआधी एक फुकटची चाचणी करा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसीबरोबर हाच पंखा लगेच फिरतो. फिरला तर मोटर, फ्यूज आणि जाड वायरिंग बहुधा ठीक आहे. पंख्याला फक्त गरम झाल्याचा निरोप मिळत नाही. नाही फिरला तर बिघाड विजेच्या वाटेवर धरा. (एसीत गॅसच नसेल किंवा एसीच्या कंडेन्सरचा (रेडिएटरपुढच्या जाळीचा) पंखा वेगळा असेल, तर ही चाचणी फसते.)

विजेच्या वाटेवर लॅम्पच राजा. आधी फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावून बघा. मग पंख्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा, बऱ्याचदा हॉर्नचा, तिथे बसवा. मग मोटरचा कपलर (तारांचा जोड) सोडवा, एसी चालू करा आणि लॅम्प कपलरच्याच दोन पिनांमध्ये लावा. लॅम्पची क्लिप बॉडीला लावू नका, नाहीतर खराब अर्थिंग कधीच सापडणार नाही. लॅम्प पेटला आणि पंखा मात्र ढिम्म, तर मोटर गेली. बऱ्याचदा आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजलेले असतात.

इथे लॅम्पचीही एक खोड सांगतो. त्याचा बारीक बल्ब अर्ध्या अँपिअरवरही पेटतो, मोटरला छोट्या गाडीतसुद्धा दहाच्या आसपास लागतात. गंजलेली वायर बल्बला वीज देते आणि मोटरच्या ओझ्याखाली मान टाकते. मल्टिमीटर तर याहून सहज फसतो. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब जपून ठेवलाय : 55 वॉटचा, साडेचार अँपिअर ओढणारा. तो झगझगीत पेटला तरच वायरवर विश्वास. मोटर थेट बॅटरीवर लावून बघायची तर कपलरला दोनच जाड तारा असायला हव्यात. जास्त तारा दिसल्या तर हात आवरा. आत दोन स्पीडची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असू शकतो.

स्कॅनरची खरी किंमत कळते ती एसीवर पंखा फिरतो पण गरम झाल्यावर नाही, अशा वेळी. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्कॅनरवर कूलंटचं (रेडिएटरमधल्या पाण्याचं) तापमान हवेइतकं दिसायला हवं. उणे 40 दिसलं तर ते तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार तुटली किंवा कपलर निघालाय. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हात लावू देत नाही आणि आकडा 70 वर अडकलाय, तर सेन्सर खोटं बोलतोय, किंवा कूलंट कमी होऊन तो वाफेत लटकतोय. आकडा 105 झाला तरी पंखा बंद असेल, तर पुन्हा रिलेकडे वळा. स्कॅनरवर दिसणारा पी0480 हा बिघाडाचा कोडही तिकडेच बोट दाखवतो.

पण कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं मानू नका. माझ्या गाडीत स्कॅनर स्वच्छ होता आणि कार्बन संपले होते. ईसीयूने रिलेला हुकूम दिला, त्याचं काम संपलं. पंखा फिरला की नाही हे बघायला तो बॉनेटखाली थोडाच येतो!

रेडिएटरवर थर्मोस्विच (गरम झाल्यावर पंखा लावणारा स्विच) असलेल्या जुन्या गाड्यांत स्कॅनरचा विचारच नको. स्विचचा कपलर काढून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच बिघडलाय, किंवा थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद अडकल्याने गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. सेन्सरवाल्या गाडीत नेमकं उलटं असतं : कपलर नुसता काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू घाबरून पंखा लावतो. तिथे तारा जोडायच्या नाहीत. हा फरक न कळता केलेले प्रयोग महागात पडतात.

म्हणून एकच घ्यायचं तर लॅम्प घ्या. 2013 नंतरची, म्हणजे स्कॅनर जोडता येईल अशी गाडी असेल आणि एसीवर पंखा फिरत असेल, तरच स्कॅनर आधी. कशानेही तपासा, पण पंख्याच्या पात्यांजवळ बोटं नकोत. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचंच नाही.

हे सगळं टाळून गॅरेजवाला म्हणेल, ‘‘साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो.’’ म्हणजे चावी लावली की पंखा सुरू. घरापर्यंत पोचायला चालेल, पण त्या वायरला स्वतःचा फ्यूज टाकलाय का, हे तिथेच उभं राहून बघा.