मोठा मोर्चा की लहान तुकड्यांचा सत्याग्रह?

डिसेंबरात अधिवेशन आलं की नागपुरात मोर्चे निघतात. संविधानाच्या कलम 19 ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिलाय, आणि मोर्च्याची ताकद दिसते ती संख्येत. दहा हजार माणसं सीताबर्डीत उतरली की मंत्र्याला निवेदन घ्यावंच लागतं.

पण गर्दी नाजूक असते. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या बांधवांचा मोर्चा इथेच अडवला गेला. लाठीमार, पळापळ, चेंगराचेंगरी, आणि 114 जीव गेले, त्यात बाया आणि लेकरं जास्त. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकापाशी मी आजही थांबतो.

दुसरी वाट याच शहराने 1923 मध्ये दाखवली. सिव्हिल लाइन्स या इंग्रज साहेबांच्या वस्तीत काँग्रेसचा तिरंगी झेंडा न्यायला बंदी होती. जमनालाल बजाज आणि पुढे वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वात स्वयंसेवक रोज लहान तुकड्यांनी निघत आणि अटक होत. हजाराहून जास्त तुरुंगात गेले, आणि ऑगस्टमध्ये झेंडा त्याच रस्त्याने गेला. यात चेंगराचेंगरीची भीती नाही, पण महिनोन्महिने रोज नवी माणसं लागतात. रोजमजुरीवाल्याला ते कसं जमावं? त्याला एका दिवसाचा मोर्चाच परवडतो.

म्हणून संघटना पक्की असेल तर मी तुकड्याच निवडीन. मोर्चा काढायचाच, तर मागे फिरायची वाट आधी मोकळी ठेवा.