मीटरचं काम

गाडीच्या एअरबॅगच्या दुरुस्तीच्या नावाखाली गॅरेजवाल्यानं साडेसोळा हजार उकळले, त्याचं दुःख आहेच. पण त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी बायको-मुलीला घेऊन त्याच गाडीतून खानापूर-बेळगाव करत होतो, तेही निर्धास्त. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीचं खूळ माझंच. गाडी सात वर्षांची. तिच्यातला जुना टेप काढून मोठा स्क्रीन आणि मागचा कॅमेरा बसवायचा होता. दुकानदार फिटिंगचे दीड हजार मागत होता, म्हटलं कशाला? रविवारी घरासमोर गाडी लावली आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत डॅशबोर्ड उघडला. कॅमेऱ्याची वायर ग्लोव्ह बॉक्सच्या मागून ओढताना एक पिवळा कनेक्टर आडवा येत होता, तो काढून बाजूला केला. तो सुटलेला असतानाच, स्क्रीन लागतो का बघायला किल्ली फिरवली.

स्क्रीन झकास लागला. पण मीटरमध्ये एक तांबडं चित्र उजळलं. पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर मोठा फुगा, म्हणजे एअरबॅगचा दिवा. कनेक्टर परत खोचला, बॅटरीची वायर काढून लावली, तरी तो माणूस हलेना. ऑनलाइन सहाशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो म्हणाला, काही बिघाड नाही. (हे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात, एअरबॅगपर्यंत पोचत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.) स्कॅनरला सापडत नाही म्हणजे दुखणं मोठं, असं मी धरून चाललो.

बेळगावात हायवेच्या बाजूला एक गॅरेज आहे, तिथं गेलो. मालक आपल्यासारखाच मराठी बोलणारा. खरं सांगतो, निम्मा विश्वास तिथंच बसला. त्यानं मशीन लावलं, दोन मिनिटं बघितलं, स्क्रीन माझ्याकडं काही वळवला नाही.

"डॅश तुम्हीच उघडलासा काय?"

"होय."

"मग काय बोलायचं ओ सर. मॉड्यूल उडवून ठेवलासा की. कंपनीत गेलासा तर तीस हजाराच्या खाली सांगणार नाहीत."

मॉड्यूल म्हणजे एअरबॅग चालवणारा कंट्रोल बॉक्स. माझी मान खाली गेली. चूक आपली आहे असं एकदा वाटलं की माणूस प्रश्न विचारत नाही. त्यानं नेमकं तेवढंच हेरलं होतं. घरी कळायच्या आत दिवा बंद व्हावा एवढंच डोक्यात होतं. सहा हजार ॲडव्हान्स त्यानं सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवर पाठवले. तिसऱ्या दिवशी उरलेले देऊन गाडी आणली. दिवा बंद. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, "तो कंपनीला परत गेला." बिल मागितलं तर तिथल्या पोरानं वहीचं पान फाडून कन्नडमध्ये दोन ओळी लिहून दिल्या. मला कन्नड बोलण्यापुरतं येतं, वाचायला अडखळतो. घडी करून खिशात टाकलं.

गणपतीला मेहुणा आला. कोल्हापुरात एका सर्व्हिस सेंटरला कामाला आहे. मिठाई आणायला दोघं निघालो. मी किल्ली फिरवली, तो बाजूला बसलेला.

"दाजी, एअरबॅगचा दिवा लागत नाही काय तुमचा?"

मी अभिमानानं सांगितलं, नवीन मॉड्यूल टाकलंय, दिवा गेला. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुन्हा फिरवा बघू."

तेव्हा कळलं. एअरबॅग ठणठणीत असली तरी किल्ली फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागतोच. तेवढ्यात मॉड्यूल सगळी सर्किटं तपासतं, आणि सगळं ठीक असेल तरच दिवा विझतो. माझा दिवा लागतच नव्हता.

पुढच्या रविवारी कोल्हापूर गाठलं. मीटर उघडला. त्या फुगेवाल्या माणसाच्या मागच्या बाजूला, नखाएवढा, कात्रीनं नीट गोल कापलेला काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला. खाली एलईडी आपली जळतच होती. गिअरजवळचं कन्सोल काढलं, तर मॉड्यूल गाडीबरोबर आलेलंच. बोल्टवर कंपनीच्या रंगाची खूण जशीच्या तशी आणि वर सात वर्षांची धूळ.

खरा बिघाड तोच पिवळा कनेक्टर, बाजूच्या सीटच्या एअरबॅगचा. मी खोचला होता, पण त्याचं लॉक अर्धंच बसलं होतं. मेहुण्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, काही मिनिटं थांबला (एअरबॅग उडवण्यापुरता करंट मॉड्यूलमध्ये साठून राहतो), मग कनेक्टर दाबला. टक् असा आवाज आला. तो आवाज मी त्या रविवारी ऐकलाच नव्हता. पण नुसतं जोडून भागत नाही, साठलेला कोड मशीननं पुसावा लागतो. सगळं मिळून साडेआठशे, पक्क्या बिलासह. मल्टिमीटर लावून बघू का, असं मी विचारलं, तर तो ओरडलाच. एअरबॅगच्या वायरीला मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावला तर ती तोंडावर फुटू शकते म्हणे.

म्हणजे ते दोन महिने बाजूच्या सीटची एअरबॅग उघडलीच असती असं नाही, आणि सांगणारा दिवा झाकलेला. त्या सीटवर बायको बसायची.

गॅरेजवाल्याला फोन केला तर, "त्यो पोरगा काम सोडून गेला ओ, त्यानंच केलं असंल." पैशाचं नाव काढलं की फोन कट.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. आता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय. दोन वर्षांच्या आत करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुरावा काय, म्हणून कपाट उपसताना ती चिठ्ठी सापडली. माझी मुलगी सहावीत, मराठी माध्यमात. शाळेत कन्नड शिकते. तिनं बोट ठेवून वाचलं, "मीटर केलसा." म्हणजे मीटरचं काम. खाली लेबर आणि साडेसोळा हजार. मॉड्यूलचा शब्दही नाही.

पोरानं जे केलं तेच लिहिलं होतं. मालकानं मराठीत सांगितलं ते मी ऐकलं, आणि पोरानं कन्नडमध्ये लिहिलं ते दोन महिने न वाचता ठेवलं. ती चिठ्ठी, टेपचा तुकडा आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट एका पाकिटात घालून ठेवलेत.