रायझन ५ २६०० काढून ५६०० बसवला : बी४५० बोर्डावर काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. बी४५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड (१२ जीबी), ३२०० स्पीडच्या ८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर, हे सगळं होतं तसंच ठेवून फक्त एएमडीचा प्रोसेसर बदलला. उन्हाळा, पावसाळा आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम, तिन्हींतून मशीन गेलं आहे. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढला, पण पैसे वसूल झाले ते खेळ मध्येच अडखळायचा थांबला म्हणून. तरीही ज्याच्याकडे २६०० आहे त्याने उठून दुकान गाठावं असं मुळीच नाही. आधी मोजून बघा.

मोजायला एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही सॉफ्टवेअर पुरे. स्क्रीनवर जीपीयू (ग्राफिक कार्डाची चिप) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या एकेका धाग्याचा) वेगळा वापर, प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे वेग, तापमान आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावा. टास्क मॅनेजरमधला एकूण सीपीयू वापर बघून काही कळत नाही. बारा थ्रेडपैकी एक शंभर टक्क्यांवर अडकला आणि बाकीचे अर्धे रिकामे असले, तरी तिथे ४५-५० टक्केच दिसतं आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर निवांत आहे. बघायचं ते जीपीयूकडे. तो ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर अडचण ग्राफिक कार्डाची आहे आणि नवा प्रोसेसर काही करणार नाही. तो ६०-७० वर रेंगाळतोय, एफपीएसला मर्यादा लावलेली नाही, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद आहे, आणि तरी खेळ अडखळतो, तर प्रोसेसर कमी पडतोय.

याहून सोपी परीक्षा डीएलएसएसची, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणाऱ्या एनव्हीडियाच्या सोयीची. क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर टाका. आतलं रिझोल्यूशन उतरल्यामुळे कार्डाचं काम हलकं होतं, मग एफपीएस वाढायलाच हवा. वाढला नाही, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी. मात्र ही परीक्षा गर्दीच्या जागी करा. सायबरपंक २०७७ मधला बाजार, बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातलं शहर. मोकळ्या रानात उभं राहून घेतलेले आकडे फसवतात.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर विषय बराच लवकर संपतो. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, आणि २६०० बहुतेक खेळांत तेवढं अजून निभावून नेतो. १४४ हर्ट्झला फ्रेममागे जेमतेम ६.९ मिलिसेकंद उरतात, तिथे तो दमतो.

दम लागतो कशामुळे, हे कळलं की कोणता प्रोसेसर घ्यायचा तेही कळतं. २६०० मध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि १६ एमबी एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ८-८ अशी वाटलेली आहे. एका गटातल्या कोरला दुसऱ्या गटातली माहिती हवी असली की इन्फिनिटी फॅब्रिकवरून (चिपच्या आतल्या जोडरस्त्यावरून) फेरा मारावा लागतो, आणि गेममध्ये असे फेरे सतत होतात. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच गटात आहेत आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांना सामाईक आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच मोठा सोपा केल्यासारखं. बूस्ट ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ झाला हे खरं, पण फ्रेमटाइमचा आलेख सपाट होण्यामागे मोठा हात या रचनेचा आहे. म्हणूनच दुकानदार ‘सेमच आहे, स्वस्त पडेल’ म्हणून ५५०० किंवा ५६००जी पुढे करत असेल तर नको म्हणा. त्या दोघांत कॅश १६ एमबीच आहे. वेगळं कार्ड असलेल्या मशीनसाठी साधा ५६००च घ्यावा. मात्र त्यात अंगचं ग्राफिक नाही, म्हणजे कार्ड बिघडलं तर स्क्रीनही गेली.

एनव्हीडियाचं कार्ड जुन्या प्रोसेसरवर असेल तर आणखी एक मुद्दा आहे. त्यांच्या ड्रायव्हरचा भार डायरेक्टएक्स १२ च्या खेळांत प्रोसेसरवर जास्त पडतो. त्यामुळे ३०६० ला २६०० सोबत जो त्रास जाणवतो, तो त्याच वर्गातल्या एएमडीच्या रेडिऑन कार्डला थोडा कमी जाणवू शकतो.

पैसे काढण्याआधी मशीनचं झाकण काढा. आपल्या बेळगाव भागात हे फार महत्त्वाचं आहे. वडगाव-शहापूरकडे मागाची लव हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. उद्यमबागेजवळ फाउंड्रीची काळी धूळ, निपाणीत तंबाखूची भुकटी, आणि संकेश्वर-चिकोडी-अथणी पट्ट्यात गाळप सुरू झालं की चिपाडाची राख. कूलर गच्च भरला की प्रोसेसर ९५ अंशांला पोचून स्वतःहून क्लॉक उतरवतो, आणि लक्षणं अगदी म्हाताऱ्या प्रोसेसरसारखी दिसतात. २६०० चा क्लॉक खेळताना ३.४ गिगाहर्ट्झच्या खाली घसरत असेल तर आधी सफाई आणि प्रोसेसर-कूलरमध्ये नवी थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. तसंच रॅम एकच लावलेली असेल किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोस सेटिंग) बंद असून २१३३ वर चालत असेल, तर तेही आधी सुधारा. कित्येक मशीनना एवढ्यावर आणखी वर्षभर ओढता येतं.

आता बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला, आणि बहुतेक बी४५० बोर्ड त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. सीपीयू-झी उघडून बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बघा, कंपनीच्या साइटवर प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते पाहा, आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच ती टाका. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तशी सूचना डाउनलोडपाशीच असते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट मारून बायोसच्या आतल्या सोयीतूनच अपडेट करा (बोर्डाप्रमाणे एम-फ्लॅश, क्यू-फ्लॅश किंवा ईझी फ्लॅश), विंडोजमधून नको. मशीन यूपीएसवर असू दे. वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर तर हे काम काढूच नका, लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे बोर्ड दुकानात. नव्या आवृत्तीचा वेगळा फायदाही आहे. रायझनवर एफटीपीएम (प्रोसेसरच्या आतला, किल्ल्या जपणारा सुरक्षा-भाग) चालू असताना मधूनच क्षणभर गोठण्याचा जो त्रास होता, त्यावरचा इलाज २०२२ पासूनच्या बायोसमध्ये आलेला आहे.

प्रोसेसर बदलण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) नक्की तपासा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. एफटीपीएम प्रोसेसरशी बांधलेला असतो, त्यामुळे नवा प्रोसेसर बसल्यावर पहिल्याच वेळी एफटीपीएम रीसेट करू का असं विचारलं जातं. वाय दाबलं आणि रिकव्हरी की जवळ नसली, तर डिस्क कुलूपबंद. की कागदावर लिहून ठेवा किंवा एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा.

कूलर काढताना घाई करू नका. एएम४ मध्ये (या प्रोसेसरांच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटची पकड फार घट्ट नसते. पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात. एखादा गेम दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू सैल करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करा. डब्यातला रेथ स्टेल्थ कूलर बोर्डामागच्या लोखंडी पट्टीत स्क्रूने बसतो. पुढचे प्लास्टिकचे कंस काढले की ती पट्टी मागे गळून पडते, म्हणून मागून हात लावून धरा. नवा प्रोसेसर बसवताना लिव्हर वर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, आणि तो आपल्या वजनाने आत बसला पाहिजे. दाबावं लागत असेल तर उचलून पिना बघा. ५६०० च्या डब्यात स्टेल्थ मिळतो आणि त्याला पेस्ट लावलेलीच असते, तिला बोट लावू नका. स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा लावा, कारण अपडेटने सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू आहेत का बघावं, नाहीतर व्हॅनगार्ड (त्या खेळाचा फसवेगिरी रोखणारा प्रोग्राम) खेळच उघडू देत नाही.

महिने गेल्यावर जाणवलेली कुरकुर एकच, स्टेल्थचा आवाज. ५६०० चं तापमान क्षणात दहा अंशांनी वर-खाली होतं आणि पंखा त्यामागे धावतो, नुसता ब्राउझर उघडला तरी घूं-घूं. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद दोन-तीन सेकंदांनी उशिरा ठेवला आणि ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवला की हे जातं. उन्हाळ्यात खेळताना ७५ ते ८२ अंश दिसतात, मर्यादा ९० ची आहे, त्यामुळे बेळगाव शहरात स्टेल्थ चालतो. अथणीकडच्या उन्हात मात्र चार पाइपांचा साधा टॉवर कूलर घ्यावा. बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे १५ केल्यावर चार-पाच अंश उतरतात. मशीन रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट झालं तर आकडा जास्त झाला असं समजून उणे १० वर या.

वीज जास्त लागत नाही. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचेच, पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही. यूपीएस मात्र बघा. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉटचा, आणि ३०६० एकटीच १७० वॉट घेते. मॉनिटर धरून खेळाच्या मध्यात लाइट गेली तर जुन्या बॅटरीवर तो दम सोडतो. १००० व्हीए बरा. खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नये, दिवसाआड तासभर चालवलं तर आत ओल धरत नाही.

कोणी काय घ्यावं? रायझन १००० मालिकेवर असाल तर विंडोज ११ ला ती अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा निर्णय तिथेच झाला. २६०० वर ६० हर्ट्झने खेळत असाल तर थांबा. स्ट्रॅटेजी आणि सिम्युलेशनचे वेडे असाल आणि ९६ एमबी कॅशचा ५७००एक्स३डी वाजवी भावात मिळाला तर तो घ्या, पण त्याच्या डब्यात कूलर नसतो हे हिशेबात धरा. आणि ३०६० पेक्षा फार मोठं कार्ड मनात असेल तर या बोर्डावर आणखी पैसे न घालता एएम५ या नव्या सॉकेटसाठी साठवा. तिथे बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नवे लागतात.

खरेदी खडेबाजारात करा, कोल्हापुरात किंवा हुबळीत, डबाबंद नगच घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. डबाबंदला तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. ट्रे पीसला (डब्याशिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या नगाला) वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर, आणि तो दुकानदार गावातला नसेल तर ती धरूच नका. जुना २६०० विकताना नव्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवून द्या. नुसता कागदात गुंडाळला तर पिना वाकतात आणि घेणारा निम्मा भाव पाडतो.