ऑलिंपिया की अथेन्स? ग्रीक क्रीडा आणि समाज अभ्यासण्यासाठी कोणता उत्सव निवडावा

प्राचीन ग्रीक समाज त्याच्या क्रीडास्पर्धांमधून समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रबंधाचा विषय ठरवताना दोन उत्सव ठळकपणे उभे राहतात: झ्यूस देवाच्या सन्मानार्थ ऑलिंपियात भरणारा आणि अथीना देवीसाठी अथेन्समध्ये भरणारा महापॅनअथेनेइया. दोन्ही दर चार वर्षांनी होत. पहिल्याचा आरंभ परंपरेने इ.स.पू. ७७६ मध्ये मानला जातो, तर दुसऱ्याला इ.स.पू. ५६६ च्या सुमारास भव्य रूप मिळाले.

ऑलिंपियात विजेत्याला रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे आणि दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नसे. त्यावरून तेथील खेळाडू निरिच्छ होते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे, कारण अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या कायद्याने ऑलिंपिक जिंकणाऱ्या अथेन्सकराला ५०० ड्राक्मा (ग्रीक चांदीची नाणी) देऊ केले होते असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि नगराच्या खर्चाने भोजनाचा मानही अशा विजेत्याला मिळत असे. मुकुट ऑलिंपियात मिळे, पण त्याचे मोल विजेत्याच्या गावी ठरे; म्हणून हा विषय घेणाऱ्याला पुरावा अनेक नगरांतून गोळा करावा लागतो.

अथेन्समध्ये तोच हिशेब दगडावर कोरलेला सापडतो. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातील एका शिलालेखानुसार मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत पहिल्याला पवित्र ऑलिव्हच्या तेलाचे ५० कुंभ आणि दुसऱ्याला १० कुंभ मिळत, तर दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतीत पहिले बक्षीस १४० कुंभांचे होते. एका कुंभात ३५ लिटरांहून अधिक तेल मावे, हे लक्षात घेतले की घोडे पाळू शकणाऱ्या श्रीमंताचा वाटा किती मोठा होता ते डोळ्यांसमोर येते. किथारा हे तंतुवाद्य वाजवून गाणाऱ्या विजेत्याला १००० ड्राक्मांचा सुवर्णमुकुट आणि शिवाय ५०० ड्राक्मा मिळत. शस्त्रनृत्यासारख्या काही स्पर्धा केवळ नागरिकांसाठी राखीव असत आणि त्यांत बैल बक्षीस असे. परका आणि आपला यांतील भेद इतका उघड अन्यत्र क्वचितच दिसतो.

स्त्रियांचा प्रश्न महत्त्वाचा वाटत असेल, तर ऑलिंपिया निःसंशय सरस आहे. विवाहित स्त्रियांना तेथे स्पर्धा पाहण्यासही बंदी होती, तरीही स्पार्टाच्या किनिस्काने इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये रथाची मालकीण या नात्याने विजय मिळवला, आणि तिच्या स्मारकाचा लेख आजही उपलब्ध आहे. हेरा देवीच्या उत्सवात मुली त्याच मैदानावर, एक षष्ठांशाने कमी अंतर धावत.

संपत्ती आणि नागरिकत्व हा गाभा असेल, तर मी अथेन्सच सुचवेन. तेथे सुरुवात त्या शिलालेखापासून करावी. फक्त प्रौढ पुरुषांच्या मैदानी स्पर्धांच्या ओळी तुटलेल्या असल्याने त्यांचे प्रचलित आकडे अनुमानाचे आहेत, आणि ते लेखात शाबूत राहिलेल्या आकड्यांपासून वेगळे मांडणे आवश्यक आहे.